उन्हाळ्यात गाडी आणि तिच्यातली माणसं



हंगाम आटोपत आला की बँकेचे हेलपाटे अन् लग्नसराई एकदमच सुरू होते. एप्रिल-मे महिन्यांत जीप नाहीतर जुनी मोटार काढून तालुक्याला जाणे कुणालाच चुकत नाही. आपल्यातल्या पुष्कळांच्या गाडीला एसी नाही, असला तर चालत नाही. प्रस्तुत लेखकाचीही तीच गत.

दोन वर्षांमागची गोष्ट. नातू मागच्या सीटवर झोपला होता. "पाच मिनिटांचं काम," म्हणून काचा बोटभर खाली ठेवून मी बँकेत शिरलो. रांगेत पंधरा मिनिटे गेली. परत येऊन बघतो तर पोर लालबुंद, घामानं चिंब, हाक मारली तरी डोळे उघडेना. सावलीत नेऊन अंग ओल्या पंचानं पुसलं, तेव्हा कुठं रडायला लागलं. ते रडणं ऐकून जिवात जीव आला.

काचेतून ऊन आत येते, सीट तापते, पण तिची उष्णता काचेतून तशी बाहेर पडत नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत बंद गाडी तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने तापली, आणि त्यातली पाचातली चार हिस्से वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. दीड इंच काच उघडी ठेवूनही फरक जवळजवळ शून्य! लहान मुलाचे अंग तर मोठ्या माणसापेक्षा फार लवकर तापते. तेव्हा पोराला आणि म्हाताऱ्या माणसाला गाडीत ठेवून जाऊ नये, मग काम दोन मिनिटांचे का असेना.

राहता राहिली गाडी. खोडव्यात पाचट पसरल्यावर जमीन जशी निवते, तसेच हे आहे. ऊन पोचण्याआधीच अडवायचे. पुढच्या काचेवर पुठ्ठा किंवा पांढरे कापड बाहेरून टाकलेले आतल्यापेक्षा बरे. काळी फिल्म मात्र चिकटवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली तिला मनाई केल्यापासून पुष्कळांनी दंड भरला आहे.

तापलेल्या गाडीत लगेच बसू नये. एका बाजूची काच पूर्ण खाली करा अन् समोरचे दार पाच-सहा वेळा उघडझाप करा, कोंडलेली धग निघून जाते. चालताना पुढची एक आणि मागची विरुद्ध बाजूची काच उघडी ठेवली की वारा आरपार खेळतो. भर दुपारी वाराच अंगापेक्षा गरम असतो, तेव्हा मानेवर ओला पंचा घ्यावा. सोलापूर-विदर्भाकडच्या कोरड्या हवेत हा उपाय उत्तम, कोकणातल्या दमट हवेत उपयोग थोडा.

घाटात काटा वर चढू लागला तर गाडीचा हीटर पूर्ण चालू करा. हसू नका! इंजिनाची उष्णता तेवढी आत ओढली जाते. तरी न उतरल्यास बाजूला थांबून इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण गरम असताना काढू नये, दाबाखालचे उकळते पाणी थेट तोंडावर येते. पूर्ण निवल्यावर जाड फडके धरून हळूच फिरवावे. पाण्याचा एक कॅन गाडीत असावाच, पिण्याचा वेगळा.