पेडणे-डिचोलीतले वय आणि विनोद

गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत वाढत्या वयाची थट्टा उघडपणे चालते, आणि ती बहुतेक वेळा वय झालेली माणसेच करतात. कुरकुरणारे गुडघे, हरवलेला चष्मा, ऐनवेळी न आठवणारे नाव, बँकेतली रांग हे या थट्टेचे नेहमीचे विषय. घराचा सोपा, आठवड्याचा बाजार, बसथांबा आणि देवळाचा मंडप या तिच्या जागा. ही थट्टा इथे इतकी मोकळी का, याचे उत्तर या भागाच्या घडणीत आहे.

दोन्ही तालुके पोर्तुगीज अमलाखाली उशिरा, अठराव्या शतकाच्या अखेरीस आले. पेडणे त्याआधी सावंतवाडीकरांकडे होते. त्यामुळे इथली बोली मालवणीला लागून, जत्रेत दशावतार आणि देवळात मराठी भजन. आज पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 1961 च्या डिसेंबरातली मुक्ती आठवते. पेडण्यातच 1911 साली जन्मलेले दयानंद बांदोडकर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले, तेव्हा गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या. या पिढीने पाकल्यांचे म्हणजे पोर्तुगीजांचे राज्य, घरातला पहिला विजेचा दिवा, खाणीची भरभराट आणि दारावरचे विमान एकाच आयुष्यात पाहिले. इतके बदल पाहिलेल्या माणसाला स्वतःच्या देहातला बदल फार मोठा वाटत नाही.

2011 च्या जनगणनेत पेडणे तालुक्यात सुमारे 76 हजार आणि डिचोलीत सुमारे 98 हजार लोक होते. पेडणे, डिचोली आणि साखळी या तीन ठिकाणी नगरपालिका आहेत. पण ही पुरती शहरे नव्हेत. माडांच्या बागेला लागून चार मजली इमारत, पसऱ्याच्या म्हणजे छोट्या किराणा दुकानाच्या शेजारी सुपरमार्केट, आणि सकाळी दोन्हीकडे त्याच पोदेराचा, पाववाल्याचा भोंगा. त्याच जनगणनेनुसार गोव्यात साठीपुढचे लोक 11.2 टक्के होते. देशाचे प्रमाण 8.6 टक्के होते, आणि मोठ्या राज्यांतले केरळच काय ते गोव्याच्या पुढे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्याचा एकूण प्रजनन दर 1.3 निघाला. म्हणजे अनेक घरांत एका नातवाभोवती चार आजी-आजोबा असतात. त्याला भरवण्यासाठी चार हात पुढे येतात, आणि चौघांचे सल्ले चार दिशांचे असतात. पुष्कळ घरगुती विनोद इथून निघतो.

देहाच्या कुरबुरी या विनोदाचा पहिला साठा. वयाबरोबर कान सगळेच आवाज सारखे गमावत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ यांसारखी व्यंजने याच पट्टीत येतात, आणि बायका-मुलांचे आवाजही. म्हणून म्हाताऱ्या माणसाला बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाही. सून म्हणते, "मामा, फाल्यां दोतोराकडेन वचपाचें." मामा उत्तर देतात, "काल गेल्लोंच न्ही?" ‘फाल्यां’ म्हणजे उद्या. त्यातला ‘फ’ कानापर्यंत पोचलेला नसतो आणि उरलेल्या आवाजातून ‘काल’ तयार होतो. घरातले हसतात, मामाही हसतात, आणि डॉक्टरकडे जाणे तेवढ्यापुरते टळते. अशा वेळी ओरडून बोलण्याने फारसे साधत नाही. समोर येऊन, तोंड दिसेल असे, सावकाश बोलले तर निम्मे काम होते.

नावे विसरण्याचेही असेच. चेहरा आठवतो, घर आठवते, त्या माणसाने उसने नेलेले पैसेसुद्धा आठवतात. नाव मात्र जिभेच्या टोकावर अडते. स्मृतीच्या अभ्यासकांच्या मते विशेषनामाला अर्थाचे धागे कमी असतात, म्हणून पहिला फटका त्यालाच बसतो. बाकीचे ज्ञान शाबूत राहते. पेडण्याच्या बाजारात यावर जुना उपाय आहे. "तो रे, तळ्याकडलो, जाची भयण मयें दिल्या" अशी सुरुवात होते. मग वाडा, मेहुणा, विकलेली बागायत, पडलेला फणस असा प्रवास करत दोघे त्या माणसापर्यंत पोचतात. कित्येकदा माणूस सापडतो आणि त्याच्याबद्दल काय सांगायचे होते तेच विसरलेले असते. तरीही हा वेळ वाया गेलेला नसतो. अर्ध्या तासात दोघांनी सगळा गाव एकदा उजळून घेतलेला असतो.

निवृत्त माणसाचा आठवडा बाजारांनी आखलेला असतो. सोमवारी साखळी, बुधवारी डिचोली, गुरुवारी पेडणे, आणि पायात बळ असेल तर शुक्रवारी म्हापसा. घरात फ्रीज भरलेला असला तरी बाजार चुकत नाही, कारण भाजी हे त्यातले सर्वांत लहान काम असते. पावसाळ्यापूर्वीच्या पुरुमेंताच्या दिवसांत तर हे फार स्पष्ट दिसते. पुरुमेंत म्हणजे पावसाच्या चार महिन्यांची बेगमी: सुके बांगडे, सुकी सुंगटां, गालमो, सोलां, हरमलची मिरची, उकडे तांदूळ. मुले पणजीला, पुण्याला किंवा आखातात गेलेली, घरात दोघेच. पण हाताला सवय आठ माणसांच्या मापाची. पिशवी भरते, दुसरी लागते, मग घरी येऊन ‘एवढे कोण खाणार’ यावरून दोघांचे वाजते. शेवटी निम्मी मिरची लेकीकडे आणि निम्मी शेजाऱ्याकडे जाते. ही वाटणी दरवर्षी होते, तरी माप कमी होत नाही. ते कमी होऊ नये असेच घरातल्या बाईला वाटत असावे. मोठ्या मापात मुले अजून घरात असतात.

बाजाराला जायचे म्हणजे बस आली, आणि बसमध्ये वयाची जाहीर नोंद होते. 1980 साली स्थापन झालेल्या कदंब महामंडळाच्या बसगाड्या आणि खाजगी मिनीबस दोन्हींत कंडक्टरची "फुडें वचात" ही हाक सारखीच. ज्येष्ठांसाठी राखलेली जागा मागायची तर आपण ज्येष्ठ आहोत हे आधी मान्य करावे लागते. साठी नुकतीच उलटलेला माणूस म्हणून उभाच राहतो. ज्याला कालपर्यंत ‘दादा’ म्हणत, त्याला कॉलेजातली मुलगी ‘काका’ म्हणून जागा देते तेव्हा तो ती नाकारतो. पुढे ‘आजो’ म्हणून कोणी उठले की मात्र निमूट बसतो. मधल्या काळात गुडघ्यांनी त्याचे मत बदललेले असते.

सरकारी कागदांतही असाच एक प्रसंग दरवर्षी येतो. बांदोडकरांच्या नावाने 2001 साली सुरू झालेल्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत गोव्यातील गरजू ज्येष्ठांना दरमहा मदत मिळते. सुरुवातीला ती 500 रुपये होती, पुढे 2000 झाली. ती चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. निवृत्तिवेतनधारकांसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर 2014 मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही बोटाच्या ठशावरची सोय आणली. पण जन्मभर शेतात, खाणीवर किंवा चुलीपुढे राबलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र त्या ओळखत नाही. समोर जिवंत बसलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा बोट पुसून जिवंतपणा सिद्ध करावा लागतो. रांगेतले सोबती त्याला धीर देतात, ‘मागच्या वर्षी होतास’ याची साक्ष देतात, आणि सगळी रांग हसते. 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आल्यावर हा त्रास पुष्कळ कमी झाला. तिची माहिती प्रत्येक वाड्यावर पोचवणे हे पंचायतींचे काम आहे.

या हसण्याला देवळांनीही आधार दिला आहे. पेडण्याची पुनव ही जत्रा कोजागरीच्या रात्री भरते. भूतनाथाला एका रात्रीत बांधलेले देऊळ हवे, अशी आख्यायिका आहे. ते मिळत नाही म्हणून देव रुसून रानाकडे धावतो, आणि बांधू, बांधू असे म्हणत लोक त्याला परत वळवतात. हट्टाला पेटलेल्या घरातल्या आजोबांची समजूत जशी काढतात, तशीच ही समजूत. त्यात भक्ती आहे, धाक आहे आणि लडिवाळपणाही आहे. हट्टी माणसाला न दुखावता कसे वागवावे, हे या भागातली मुले पुनवेच्या रात्री पाहत आली आहेत.

जत्रेतला दशावतार हे दुसरे ठिकाण. पालखी झाल्यावर रात्री उशिरा खेळ उभा राहतो. त्याच्या पूर्वभागात, आड दशावतारात, काळ्या वेषातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर येतो आणि मालवणीत गावच्या माणसांची फिरकी घेतो. त्याचे बोलणे लिहिलेले नसते. पुढच्या रांगेत बसलेले म्हातारे त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक, आणि त्यांची उलट उत्तरे हाही खेळाचाच भाग. आता अनेक ठिकाणी हा पूर्वभाग आटोपता घेतला जातो. ते नुकसान आहे, कारण भर सभेत वयाची थट्टा सहन करण्याची आणि परतवण्याची ती जागा होती.

थट्टेच्या जोडीला मान नसता तर ती बोचली असती. चतुर्थीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी कांगले, कवंडळ, घागऱ्यो ही रानफळे कोणत्या रानात मिळतील हे अजून आजोबांनाच विचारावे लागते. भजनात वयस्कांच्या पाठांतराशिवाय जुने अभंग उभे राहत नाहीत. ज्याच्यावाचून काम अडते, त्याच्या चष्म्यावर हसले तरी त्याला राग येत नाही.

हे सगळे आता बदलत्या गावात चालले आहे. 2012 साली खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीतल्या कित्येकांच्या वाट्याला वेळेआधीच निवृत्ती आली. पेडणे तालुक्यातल्या मोप विमानतळावरून 5 जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली, आणि तिथल्या जमिनींचे भाव व रस्त्यांची रुंदी दोन्ही वाढली. रुंद रस्ता ओलांडणे सत्तरीच्या माणसाला कठीण, म्हणून समोरच्या वाड्यावरचा मित्र पूर्वीपेक्षा लांब गेला. नव्या फ्लॅटला सोपा नसतो. दार बंद असते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारता येत नाही. काही इमारतींत म्हाताऱ्यांनी यावर तोडगा काढला आहे. खालच्या वाहनतळाजवळ चार प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात, सकाळचे वर्तमानपत्र तिथे वाचले जाते, निधनाच्या बातम्या आधी आणि राजकारण नंतर. नातवाने शिकवलेल्या मोबाईलवर आखातातला मुलगा दिसतो तेव्हा शेजारचे दोघेही कॅमेऱ्यात डोके घालतात आणि त्याला एकच प्रश्न विचारतात, जेवलास का.