सकाळची हवा खरंच चांगली असते का? टेकडीवरून पाहिलेलं पुणं

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. आम्ही हवामानशास्त्रज्ञ नाही. पुण्यात शास्त्रज्ञांची काही कमी नाही. १९२८ साली भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आपण आजही 'शिमला ऑफिस' म्हणतो. पुढे मुख्यालय दिल्लीला गेलं, नाव मात्र इथंच राहिलं. आम्ही दोघं नवरा-बायको, या शहरात राहणारी साधी माणसं. आमच्याकडे आहे ती एक वही. रोज सकाळी काय दिसलं, काय जाणवलं, ते तिच्यात लिहायचं, एवढाच आमचा उद्योग.

वहीची सुरुवात दम्यामुळे झाली. घरात हिला दम्याचा त्रास. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मग आम्ही पहाटे सहाला रस्त्यानं फिरायला लागलो. 'सकाळची हवा चांगली असते' हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पावसाळ्यात छान चाललं होतं. दिवाळी झाली, थंडी पडली आणि हिचा खोकला वाढला. पंप दिवसातून जास्त वेळा लागायला लागला. आम्हाला वाटलं, थंडी बाधते. म्हणून मफलर बांधून, आणखी नेटानं चालायला लागलो! चूक नेमकी तिथंच होत होती.

एका रविवारी रस्ता सोडून वेताळ टेकडीवर गेलो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, आणि टेकडीचा माथा सुमारे ८०० मीटर. वर पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. खाली पाहिलं तर शहरावर एक राखाडी पट्टा पसरलेला. त्याची वरची कड अगदी सरळ, सुरीनं कापल्यासारखी. पट्ट्याच्या वर आकाश स्वच्छ, आणि उंच इमारतींचे वरचे मजले त्यातून बाहेर आलेले. मनात आलं, रोज आपण चालतो ते या पट्ट्याच्या तळाशी.

आता हा पट्टा होतो कसा, ते पाहू.

ऊन हवेला थेट फारसं तापवत नाही. ते आधी जमीन तापवतं आणि जमीन हवेला तापवते. म्हणून दिवसा जमिनीलगतची हवा गरम असते आणि वर जावं तसं गार होत जातं, साधारणपणे दर किलोमीटरला साडेसहा अंश. गरम हवा हलकी, ती वर चढते. तिच्याबरोबर धूर आणि धूळही वर जाते, पसरते, विरळ होते. दुपारी शहराला श्वास घ्यायला मोठी खोली मिळते म्हणा ना. तिचं छत हजार-दीड हजार मीटरवर किंवा त्याहूनही वर असतं.

हिवाळ्याच्या रात्री याच्या उलट घडतं. आकाश निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला आणि रात्र मोठी. जमीन आपली उष्णता भराभर आकाशात सोडून देते आणि गारठते. तिला चिकटलेली हवाही गारठते. वरची हवा मात्र तुलनेनं उबदार राहते. म्हणजे गार खाली, उबदार वर. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात 'तापमानाची विपरीतता' असा शब्द होता, तो हाच. गार हवा जड, ती वर चढत नाही. वरची उबदार हवा पातेल्यावरच्या झाकणासारखी बसते. दुपारचं ते उंच छत आता शे-दोनशे मीटरवर येतं. धूर तेवढाच असला तरी खोली लहान झाली, की तो दाट होणारच.

त्यात पुणं टेकड्यांच्या कुशीत. रात्री टेकड्यांच्या उतारावरची गार हवा पाण्यासारखी खाली उतरते आणि मुळा-मुठेच्या काठी साचते. हे पडताळायला यंत्र लागत नाही. डिसेंबरात रात्री उशिरा स्कूटरवरून नदीचा पूल ओलांडा. पुलावर आलं की हाताची बोटं गारठतात आणि पलीकडचा चढ लागला की बरं वाटतं. वर्तमानपत्रातही बघा, पाषाणचं किमान तापमान मगरपट्ट्यापेक्षा बरंच कमी असतं. एकाच शहरात, एकाच रात्री!

वहीत आम्ही तीन खुणा लिहितो. तुम्हीही लिहू शकता.

पहिली खूण, शेकोटीचा धूर. तो सरळ वर जाऊन विरला तर ठीक. थोडा वर जाऊन आडवा पसरला, छपरासारखा, तर झाकण बसलंय असं समजा.

दुसरी, आवाज. एरवी ऐकू न येणारी रेल्वेची शिट्टी पहाटे घरात स्पष्ट ऐकू येते ना? उबदार थरामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. अर्थात, पहाटे गोंगाट कमी असतो हेही एक कारण आहे. म्हणून ही खूण एकटी धरायची नाही.

तिसरी, धुकं की धुरकं? धुकं पांढरं आणि ओलं, गाडीच्या सीटवर दव दिसतं. धुरकं करडं किंवा तपकिरी, घशाला खवखवतं, जळका वास येतो. दोन्ही एकत्रही असतात. धुराच्या कणांवरच दमट हवेतलं पाणी जमतं, म्हणून ते आणखी गडद दिसतं.

यात आपल्या सवयींची भर पडते. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं की सूर्य उगवायच्या आत फटाके. म्हणजे झाकण सर्वात घट्ट बसलेलं असतं, नेमका तोच मुहूर्त आपण गाठतो! पालापाचोळा पेटवणं, पाणी तापवायचे बंब, शाळेच्या बसेस, सगळं सकाळीच.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईलवर तर हवा 'समाधानकारक' दाखवतात. इथं एक गंमत समजून घ्या. हवेचा निर्देशांक, एक्यूआय, आपल्याकडे २०१५पासून आहे. तो बहुतेक प्रदूषकांसाठी २४ तासांच्या सरासरीवर काढतात. पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याइतके. यांची भारतातली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस आहे १५.

उदाहरणादाखल समजा, रात्रीपासून सकाळपर्यंत सहा तास हे प्रमाण १२० होतं आणि उरलेले अठरा तास ४०. सरासरी काढा. बरोब्बर ६०! निर्देशांक येतो १००, शेरा 'समाधानकारक'. आणि जो माणूस त्या सहा तासांतच धापा टाकत चालला, त्याच्या छातीत मर्यादेच्या दुप्पट हवा गेली. आकडा खोटा नाही. तो दिवसाचा आहे, तुमच्या फिरण्याच्या तासाचा नाही. म्हणून पाषाणच्या आयआयटीएमनं उभारलेली 'सफर' असो की मंडळाची केंद्रं, जिथं तासातासाची नोंद मिळते, तिथं ती बघावी.

आम्ही वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि म्हणाले, "चालणं सोडू नका, वेळ बदला. औषधही बंद करायचं नाही." तेव्हापासून नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही साडेनऊनंतर फिरतो. ऊन चढलं की जमीन तापते, हवा ढवळली जाते आणि झाकण उचललं जातं. टेकडीवरून हेही दिसतं. आठ-साडेआठला तो पट्टा विस्कटतो आणि वर चढायला लागतो. त्या वेळी आम्ही टेकडीवर असलो तर धुरकं आमच्यापर्यंत येतं. तेव्हा टेकडीवर गेलं की सुटलो, असंही नाही. हिचा पंप सुटलेला नाही, पण त्या हिवाळ्यासारखी घाबरगुंडी पुन्हा उडाली नाही.

शेवटची गोष्ट जरा अवघड आहे. आमच्या सोसायटीत वॉचमन काका रात्री शेकोटी पेटवायचे, त्यात प्लॅस्टिकही जायचं. आम्ही एकदा तावातावानं बोललो. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही दुलईत असता. रात्रभर बसायचं म्हणजे हातपाय गारठतात हो." आम्ही गप्प झालो. उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे हे खरंच, पण नियम वाचून कुणाला ऊब येत नाही. मग चार घरांनी मिळून त्यांच्या केबिनला दार बसवलं, जाड स्वेटर आणि एक छोटा हीटर दिला. शेकोटी आपोआप थांबली. जाळण्याऐवजी पाचोळा आता कोपऱ्यातल्या खड्ड्यात कुजतो आणि कुंड्यांना खत मिळतं.

मंडळी, झाकण निसर्गाचं आहे, ते हलवणं आपल्या हातात नाही. पातेल्यात काय टाकायचं, ते मात्र आपल्या हातात आहे. उद्या सकाळी बाहेर पडण्याआधी एकदा गच्चीवर जा आणि धूर कुठे चाललाय ते बघा. जमलं तर लिहून ठेवा.