धाबे उतरवताना घर तापू नये म्हणून



आपल्या पत्रिकेत ऊस, खत आणि पाणी यांवर नेहमीच लिहिले जाते. या खेपेला थोडे घराविषयी लिहितो. बार्शीटाकळी भागात जुनी धाब्याची घरे उतरवून टीन टाकणे, माळा काढून नवा करणे, अशी कामे गावोगाव निघतात. ती बहुधा उन्हाळ्यातच निघतात. शेत रिकामे असते, पाऊस नसतो. सारे सोयीचे. फक्त त्या घरात राहणाऱ्या माणसांची सोय कोणी पाहत नाही.

आम्हीही पाहिली नव्हती. चैत्रात आम्ही मधल्या खोलीचे धाबे उतरवले, माळ्याच्या फळ्याही त्याच दिवशी काढल्या आणि वर टीन ठोकले. मातोश्री म्हणाल्या, "हे घर नाही राह्यलं बापू, भट्टी झाली." आम्ही हसण्यावारी नेले. चौथ्या दिवशी दुपारी त्यांना भोवळ आली. शेजारच्या धाब्याच्या घरात हलवले, ओल्या फडक्याने अंग पुसले, दवाखान्यात नेले, म्हणून निभावले. चूक सर्वस्वी आमची होती. ती दुसऱ्याने करू नये, एवढ्यासाठी हा लेख.

धाबे थंड का असते? लाकडी सऱ्या, त्यावर किलचा आणि त्यावर फूटभर माती. दुपारचे ऊन त्या मातीतून खाली उतरायला आठ-दहा तास लागतात. तोवर रात्र होते, दारे-खिडक्या उघडता येतात. गावातल्या जुन्या हेमाडपंती देवळात भर दुपारी गारवा लागतो, तो जाड दगडामुळेच. टिनाचे तसे नाही. ऊन वर पडले की घटकाभरात खाली झळ. आपण खोडव्यात पाचट पसरतो ते जमीन झाकली जावी म्हणून. घराचेही तेच आहे. झाकण काढायचे तर दुसरे झाकण आधी तयार पाहिजे.

म्हणून पहिली गोष्ट, काम शक्यतो दिवाळीनंतर काढून होळीच्या आत संपवावे. ज्यांचा ऊस त्या दिवसांत तोडणीला असतो, त्यांना हे अवघड जाते, हे आम्ही जाणतो. मग निदान सारे घर एकदम उघडू नये. एक खोली पुरी करावी, मगच दुसरीला हात लावावा. एक धाब्याची खोली शेवटपर्यंत राखावी आणि म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या व आजारी यांना दुपारी तिथेच ठेवावे.

दुसरी गोष्ट मातीच्या वजनाची. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट, अर्थात एक ब्रास. तिचे वजन साडेचार-पाच टन भरते. ही माती काढून बाजूच्या धाब्यावर किंवा माळ्याच्या फळ्यांवर ढीग घालू नये. जुनी सरी मोडायला तेवढे पुरे होते. थोडी थोडी, दोन्ही बाजूंनी सारखी काढावी आणि लगेच खाली उतरवावी. त्या वेळी खालच्या खोलीत कोणी झोपू नये.

तिसरी गोष्ट, माळ्याच्या फळ्या शेवटी काढाव्यात. टीन आणि फळ्या यांच्या मधली हवा झळ अडवते. मात्र तिला बाहेर जायला वाट पाहिजे. दोन्ही टोकांच्या भिंतींत वर समोरासमोर झरोके ठेवावेत, जाळी लावावी म्हणजे पाखरे येत नाहीत. टिनावर चुन्याचा पांढरा हात द्यावा. पांढरे छत ऊन परतवते आणि घर दोन ते पाच अंशांनी कमी तापते. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी धोरणच जाहीर केले.

कोणी म्हणेल, टिनाखाली पाचट कोंबले तर? कोंबू नये. वायरची एक ठिणगी पुरते. उसापासून झळ अडवता येत नाही असे मात्र नाही. अमेरिकेत लुइझियाना राज्यात १९२०च्या दशकापासून बगॅस दाबून छताच्या पाट्या करत; सेलोटेक्स हे त्यांचे नाव. पण ते कारखान्याचे काम, घरच्या गंजीचे नव्हे.

काम चालू असताना सकाळी नऊच्या आत खिडक्या लावाव्यात आणि दिवस मावळल्यावर उघडाव्यात. उन्हाच्या बाजूला ओले गोणपाट किंवा वाळ्याची ताटी टांगावी. कूलर लावला तर समोरची खिडकी थोडी उघडी हवी. नाहीतर दमटपणा साचतो आणि घाम वाळत नाही. धूळ उडते म्हणून सारेच बंद करून बसणे हा सगळ्यांत वाईट उपाय.

मजुरांचाही विचार व्हावा. मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला, तेव्हा जिल्हा प्रशासनाने १४४ कलम लावून मालकांना कामगारांसाठी पाणी व पंख्याची सोय करायला सांगितले होते. हुकूम असो वा नसो, बारा ते चार टिनावर माणूस चढवू नये. अंग तापले, बोलणे बरळल्यासारखे झाले, तर तो उष्माघात समजावा. सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर पाणी पाजू नये.

आमच्या मातोश्री आता बऱ्या आहेत. नव्या माळ्याखाली दुपारी निजतात. तरी विचारले की म्हणतात, "बरं आहे, पन धाब्याची सर नाही." त्यांचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. धाबे राखता आले तर राखावे. उतरवायचेच असेल तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाची खाट कुठे टाकायची ते ठरवावे, मग मिस्त्रीला बोलवावे.