कोरडी ऊब

हिवाळ्यात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला ५४२ क्रमांकाचा रस्ता बेलिंगहॅम शहरापासून सुमारे ९० किलोमीटरवर, माउंट बेकरच्या स्कीइंग केंद्रापाशी थांबतो. त्यापुढचा घाट बर्फाखाली गाडलेला असतो. १९९८-९९च्या हंगामात इथे १,१४० इंच, म्हणजे जवळजवळ २९ मीटर बर्फ पडला. एका हंगामातल्या बर्फवृष्टीचा जागतिक विक्रम म्हणून त्याची नोंद आहे. हे केंद्र विजेच्या सार्वजनिक जाळ्याला जोडलेलं नाही. लागणारी वीज ते जनरेटरवर स्वतःच तयार करतं. तरीही हंगामात इथल्या वाहनतळावर व्हॅन येऊन उभ्या राहतात आणि माणसं त्यांत रात्र काढतात. पहाटे रस्त्यावरच्या गर्दीत अडकण्याऐवजी ताज्या बर्फावर आधी उतरता यावं, एवढाच त्यांचा हेतू असतो. सिएटल परिसरात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींसाठी हे ठिकाण अडीच-तीन तासांवर आहे. समुद्रावरून येणारी हवा इथे अडते, त्यामुळे पारा बरेचदा शून्याच्या जवळपास घुटमळतो आणि बर्फ जड, ओलसर पडतो. हिवाळी मुक्कामासाठी व्हॅन कशी सजवावी याची खरी परीक्षा अशाच जागी होते. उणे वीस अंशांची कोरडी थंडी भयंकर वाटते, पण व्हॅनमध्ये राहणाऱ्याला जास्त छळते ती ही शून्याजवळची ओल.

माझं म्हणणं असं की हिवाळी व्हॅनचा पहिला शत्रू पाणी आहे, थंडी दुसऱ्या क्रमांकावर येते. आणि व्हॅनमधलं कुठलंही उष्णतेचं साधन याच कसोटीवर पारखावं. हे पटायला थोडं गणित मांडावं लागेल. २० अंश सेल्सियसची हवा दर घनमीटरला फार तर १७ ग्रॅम बाष्प धरून ठेवते, शून्य अंशाची हवा पाच ग्रॅमही धरत नाही. माणसं उभी राहू शकतील अशा मोठ्या व्हॅनमध्ये, सामान भरल्यावर, साधारण १२ घनमीटर हवा उरते. म्हणजे आतली सगळी हवा मिळून सुमारे २०० ग्रॅम पाणी पेलू शकते, आणि त्यातले ५० ग्रॅम तर बाहेरच्या हवेबरोबरच आत आलेले असतात. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून ताशी सुमारे ४० ग्रॅम पाणी सोडतो. दोघं झोपले, खिडक्या घट्ट लावल्या, की दोन तासांत हवेची क्षमता संपते. उरलेल्या रात्रीचं पाणी काचांवर, पत्र्यावर आणि अंथरुणाखाली साचतं. यात भातासाठी उकळलेलं पाणी, ओली जॅकेटं, बुटांच्या आतली अस्तरं आणि स्कीवरून वितळणारा बर्फ अजून धरलेलाच नाही.

या पाण्याला जायला वाट हवी असते, आणि व्हॅनची बांधणी त्याला नेमकी चुकीची वाट देते. स्प्रिंटर, ट्रान्झिट किंवा प्रोमास्टर या गाड्या मुळात माल वाहायला बनवलेल्या. त्यांचं अंग पोलादी पत्र्याचं, त्यातून पाणी आरपार जात नाही, आणि रात्री तो पत्रा बाहेरच्या हवेइतकाच थंड असतो. थंड प्रदेशातल्या घरात बाष्प अडवणारा पडदा भिंतीच्या उबदार बाजूला लावतात. व्हॅनमध्ये हा पडदा, म्हणजे पत्रा, जन्मतःच थंड बाजूला आहे. उष्णतारोधक थर कितीही जाड घातला तरी सांध्यांतून, दिव्यांच्या भोकांतून ओली हवा त्यामागे शिरते, पत्र्याला भिडते आणि तिथे दव होऊन गोठते. दुपारी ऊन पडलं की तेच वितळून चौकटीच्या पोकळीत उतरतं. दोन-तीन हंगामांनी फळ्या काढल्यावर मागे गंज आणि बुरशी दिसते. शिवाय पत्र्याला आधार देणाऱ्या पोलादी फासळ्या आहेत. पोलाद उष्णता वाहून नेतं ते रोधक थराच्या हजारपटीहून अधिक. त्यामुळे फासळ्या उघड्या ठेवून मधले गाळे भरले तर दव फासळ्यांवर उमटतं. याच कारणासाठी बंद पेशींचा फोम पत्र्याला सलग चिकटवणं आणि फासळ्यांनाही त्यात गुंडाळणं मला अधिक सयुक्तिक वाटतं. मेंढीच्या लोकरीचे समर्थक सांगतात की लोकर ओल शोषते आणि पुन्हा सोडते. ते खरं आहे. पण सोडलेली ओल बाहेर काढणारी कोरडी, हलती हवा आत असेल, तरच त्या गुणाचा उपयोग.

आता यंत्राकडे वळू. आसनाखाली मावणारा, हातभर लांबीचा डिझेल हीटर या व्हॅनांमध्ये सर्वाधिक मानला जातो. जर्मनीतल्या दोन घराण्यांनी तो नावारूपाला आणला: १८६५मध्ये एस्लिंगेन गावी सुरू झालेली एबरश्पेशर आणि १९०१मध्ये त्याच गावात जन्मून पुढे म्युनिकजवळच्या श्टॉकडोर्फला गेलेली वेबास्टो. फोक्सवॅगनच्या जुन्या गाड्यांची इंजिनं हवेनं थंड होणारी होती. गरम पाण्याचं अभिसरण नसल्यामुळे त्यांत ऊब तोकडी पडे, म्हणून थंड देशांत एबरश्पेशरचे पेट्रोलवर चालणारे स्वतंत्र हीटर बसवले जात. पुढे लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांनी हे यंत्र आपलंसं केलं. ट्रकचं इंजिन रात्रभर नुसतं चालू ठेवलं तर ताशी तीनेक लिटर डिझेल जळतं. हा हीटर किमान आचेवर ताशी ०.१ लिटर आणि पूर्ण आचेवर पाव लिटरच्या आसपास घेतो. स्कीइंगच्या वाहनतळावर तो पोचला तो ट्रकवाल्यांकडून.

त्याची रचना समजली की त्याचं खरं मोल कळतं. एक छोटा पंप टाकीतून मोजून थेंब-थेंब डिझेल पाठवतो. रात्रीच्या शांततेत ऐकू येणारी टिकटिक त्याचीच. सुरुवातीला ग्लो प्लग तापून ज्वाला पेटवतो, मग ज्वाला स्वतःच्या उष्णतेवर तगते. ज्वलनाला लागणारी हवा व्हॅनच्या जमिनीतल्या एका नळीतून गाडीखालून येते आणि धूर दुसऱ्या नळीतून गाडीखालीच जातो. या बंदिस्त ज्वलनकक्षाभोवती अॅल्युमिनियमच्या पातळ पंखांचं कवच असतं. व्हॅनमधली हवा दुसऱ्या पंख्याच्या जोरानं त्या पंखांवरून वाहते, तापते आणि परत येते. ज्वालेची हवा आणि माणसाच्या श्वासाची हवा एकमेकींना कुठेही भेटत नाहीत. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये, हे आपल्याकडे घरोघरी सांगतात ते कार्बन मोनॉक्साइडमुळे. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो. जळणातून तयार होणारं पाणीही धुराबरोबर बाहेर जातं, आणि मला हा गुण तितकाच महत्त्वाचा वाटतो. महागडी जर्मन यंत्रं आणि स्वस्तात मिळणाऱ्या चिनी प्रती यांच्या टिकाऊपणात, आवाजात, सुट्या भागांच्या खात्रीत फरक जरूर आहे, पण तत्त्व दोघांचंही हेच.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा येतो. गाडीच्या जमिनीला भोकं पाडून हा खटाटोप करायचा कशाला? प्रोपेनच्या बाटलीवर बसणारा, उघड्या ज्वालेचा सुटा हीटर स्वस्त असतो, आत ठेवला की झालं. रसायनशास्त्र याचं उत्तर देतं. एक किलो प्रोपेन जळलं की १.६ किलो पाणी तयार होतं. रात्रीचे दहा तास सव्वा किलोवॅटच्या आचेवर असा हीटर चालवला तर साधारण एक किलो प्रोपेन संपतं, आणि दीड लिटरहून अधिक पाणी बाष्परूपानं त्याच १२ घनमीटरमध्ये येतं. झोपलेल्या दोघांनी सोडलेल्या पाण्याच्या हे दुप्पट आहे. जी ऊब घेतली तिनंच बिछाना ओला केला. अशा हीटरमध्ये प्राणवायू कमी झाल्यास बंद पडण्याची सोय असते, पण ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. हा दोष प्रोपेनचा नाही, हेही सांगायला हवं. म्युनिकजवळच्या ट्रूमा कंपनीचे गॅसहीटर बाहेरची हवा घेतात आणि धूर बाहेर सोडतात. ते डिझेल हीटरइतकेच कोरडे आहेत, आवाजाला तर कमीच. माझा पक्ष डिझेलचा नाही, दोन हवा वेगळ्या ठेवण्याचा आहे. लाकडाच्या छोट्या चुलाणालाही धुरांडं असतं आणि त्याची ऊब कोरडी असते. पण मध्यरात्री उठून लाकूड घालायची ज्याची तयारी नाही, त्याची व्हॅन पहाटेपर्यंत गारठलेली असणार.

विजेचं काय, हा प्रश्न बॅटरी स्वस्त होत चालल्यानं अधिक जोरानं विचारला जातो. पंधराशे वॅटचा हीटर दहा तास चालवायला १५ युनिट वीज लागते. १०० अँपिअर-तासांच्या बारा व्होल्टी लिथियम बॅटरीत सव्वा युनिट मावतं. म्हणजे अशा बारा बॅटऱ्या एका रात्रीला. उलट एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिटांइतकी उष्णता असते. हीटर रात्रभर चालवायला दीड लिटर डिझेल पुरतं, आणि पंखे व पंप यांना मिळून पाव युनिटच्या आतबाहेर वीज लागते. बॅटरी मात्र उबदार भागातच ठेवावी. प्रचलित लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी शून्याखाली भारित केली तर तिच्यात धातूरूप लिथियमचा थर साचून ती कायमची बिघडते.

सर्वात वजनदार आक्षेप वेगळाच आहे. रोधक थर नीट असेल, झोपायच्या पिशव्या उणे वीस अंशांच्या असतील, तर हीटरची गरजच काय? एका रात्रीपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. झोपलेली दोन शरीरं मिळून दीडशे वॅटच्या आसपास उष्णता देतात आणि चांगली पिशवी ती धरून ठेवते. पण व्हॅनच्या भिंती, छत, जमीन आणि समोरची एकेरी काच यांतून, बाहेर शून्याच्या खाली असताना, साधारण एक किलोवॅट उष्णता निघून जाते. दीडशे वॅटनी ती भरून निघत नाही. पिशवीत माणूस उबदार राहतो, पण त्याचे बूट, हातमोजे आणि पिशवीचा पिसांचा थर ओलाच राहतो. दुसऱ्या रात्री तीच पिशवी कमी ऊब देते. म्हणून जाणकार लोक हीटरच्या गरम हवेची एक नळी मागच्या बाजूला, बूट आणि जॅकेटं टांगायच्या कप्प्यात सोडतात. माझ्या मते ही नळी झोपायच्या जागेकडे जाणाऱ्या नळीपेक्षाही उपयोगी आहे.

इथे हीटरच्या कौतुकाला एक मर्यादा घालावी लागते. तो आतलीच हवा फिरवून तापवतो. पाण्यात भर घालत नाही, पण असलेलं पाणी बाहेरही काढत नाही. ते काम छतावरच्या पंख्याचं आणि खिडकीच्या फटीचं. बाहेर उणे दोन अंश, आत वीस अंश आणि निम्मी आर्द्रता धरली, तर दोघांचं बाष्प काढायला ताशी सुमारे २० घनमीटर हवा बदलावी लागते. ती नवी हवा तापवायला दीडशे वॅट पुरतात. दोन किलोवॅटच्या यंत्रापुढे हे काहीच नाही. ऊब वाया जाईल म्हणून फट बंद करणारे लोक दीडशे वॅट वाचवतात आणि पत्र्यामागे लिटरभर पाणी साठवतात.

बर्फात या यंत्राला खास जपावंही लागतं. एका रात्रीत अर्धा मीटर बर्फ पडला तर गाडीभोवती भिंत उभी राहते आणि गाडीखाली गेलेला धूर तिथेच कोंडतो. सांध्यांतून तो आत येऊ शकतो. निर्गम नळी गाडीच्या कडेपर्यंत नेणं, झोपण्यापूर्वी आणि रात्रीतून एकदा तिच्यासमोरचा बर्फ उपसणं, कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं उपकरण बिछान्याच्या उंचीवर लावणं, यांत सूट नाही. कायम मंद आचेवर चालवल्यास ज्वलनकक्षात काजळी धरते, म्हणून अधूनमधून तो पूर्ण जोरात चालवावा. बंद करताना वीज थेट तोडू नये, कारण तापलेला कक्ष थंड करायला पंखा काही मिनिटं चालावा लागतो. कोलोरॅडोत अरापाहो बेसिन केंद्राचा पायथाच सुमारे ३,२८० मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ तीस टक्के विरळ. पंप मात्र तितकंच डिझेल पाठवत राहिला तर अर्धवट जळून काजळी साचते. नव्या चांगल्या यंत्रांत हवेचा दाब मोजून इंधन कमी करण्याची सोय असते, आणि उंचावर जाणाऱ्यानं जादा पैसे मोजावेत ते यासाठी.

बर्फावर प्रेम करणाऱ्यांनी बर्फाच्याच पायथ्याशी डिझेल जाळावं का, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. दीड लिटर डिझेलमधून सुमारे चार किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. बेलिंगहॅमहून रोज ये-जा केली तर १८० किलोमीटरांत अशी जड व्हॅन वीसेक लिटर इंधन पिते. म्हणून दोन दिवस स्कीइंग करायचंच असेल तर मुक्काम हा कमी धुराचा पर्याय ठरतो. मुक्कामाची सोय आहे म्हणून जास्त वेळा जाणं झालं, तर हा हिशेब उलटतो, हेही मान्य केलं पाहिजे. जिथे वीज उपलब्ध आहे तिथे तर डिझेल जाळण्याचं कारणच उरत नाही. त्याच राज्यातल्या क्रिस्टल माउंटन केंद्राच्या वाहनतळावर विजेची जोडणी असलेल्या जागा भाड्यानं मिळतात. तिथे घरात वापरतो तसला पंधराशे वॅटचा साधा हीटर रात्र काढायला पुरतो. त्याची ऊबही तितकीच कोरडी असते, छताची फट मात्र तिथेही उघडीच ठेवावी लागते.