गाडीचा चेपलेला पत्रा : घरी किती करावे, कारागिराकडे काय न्यावे

बुरोंडीसारख्या बंदरगावात गाडी ही आता चैनीची चीज राहिलेली नाही. मासळीचा व्यापारी असो, आंबा-काजूवाला असो किंवा गावोगाव माल पोहोचवणारा आमच्यासारखा कापडवाला असो, प्रत्येकाच्या दारात एखादी ओम्नी, ईको नाहीतर पिकअप उभी असते. आणि गाडी आली की पत्र्याला पोचे आलेच. आपल्याकडे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे. समोरून एसटी आली की दार गडग्याला घासते. झाडाखाली गाडी लावली तर टपावर नारळ पडतो. बंदरावर घाईने मागे येणारा टेम्पो तर कुणाला सोडत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली तालुक्यात इतकी झाडे पडली की कित्येकांच्या गाड्यांचे टप त्या एका दिवसात बसले.

असा पोचा पडला की लोक दोन टोके गाठतात. काही जण लगेच गॅरेजला धावतात आणि एका दाराच्या डेंटिंग-पेंटिंगसाठी साधारण तीन ते पाच हजार मोजतात. बाकीचे ‘चालते आहे ना गाडी’ म्हणून बेफिकीर राहतात. दुसरा प्रकार आपल्या किनाऱ्यावर जास्त महाग पडतो. रंग जिथे तडकला तिथून खारी हवा आत शिरते. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि गंजाची चाल वाढवते. कोरड्या मुलखात वर्षभर तसाच राहील असा ओरखडा इथे एका पावसाळ्यात फोड धरतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत पत्र्याला भोक पाडतो. मग पोचा काढण्याचे काम राहत नाही, पत्रा कापून नवा जोडण्याचे होते.

हातोडी उचलण्यापूर्वी विम्याचा हिशोब करावा, कारण पुष्कळांना वाटते की विमा आहे तर खिशातून का द्यावे. खाजगी गाडीला क्लेमविना पहिले वर्ष गेले की नूतनीकरणाच्या वेळी २० टक्के सूट मिळते. ती पुढे २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५० टक्क्यांपर्यंत चढते. एक क्लेम केला की ती शून्यावर येते. समजा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८,००० रुपये आहे आणि आपण ५० टक्क्यांवर आहोत, म्हणजे ४,००० भरतो. क्लेमनंतरच्या वर्षी पुरे ८,००० भरावे लागतील, मग ६,४००, ६,०००, ५,२०० आणि ४,४००. तेव्हा कुठे पुन्हा ४,००० येईल. पाच वर्षांत जास्तीचे गेले १०,००० रुपये. गाडी जुनी होते तसा मूळ हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल, पण हिशोबाची दिशा तीच राहते.

आता मिळते काय ते पाहा. १५०० सीसीपर्यंतच्या कारला प्रत्येक क्लेममधले पहिले १,००० रुपये मालकाने सोसायचे असतात, त्याहून मोठ्या गाडीला २,०००. शिवाय रंगकामाच्या एकत्रित बिलातला चौथा हिस्सा हा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्याची निम्मी रक्कम घसारा म्हणून कापतात. झीरो डेप पॉलिसी असेल तर हा घसारा कापत नाहीत. बिल ४,००० चे, सगळे रंगकामाचेच असे धरले तर ५०० घसाऱ्याचे गेले, १,००० मालकाच्या वाट्याचे गेले. हातात २,५०० आले आणि त्यासाठी दहा हजारांच्या आसपासची सूट घालवली. व्यापारी माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही.

पिकअप, टेम्पो अशा मालवाहू गाड्यांच्या मालकांनी तर पॉलिसीचा कागद आजच काढून वाचावा. जास्तीचा हप्ता भरून ती जोड घेतलेली नसेल, तर मडगार्ड, बोनेट, बाजूचे भाग, बंपर, दिवे आणि चेपलेल्या भागाचा रंग यांचे पैसे मिळत नाहीत. गाडी पूर्ण निकामी झाली तरच मिळतात. बंदरावरच्या धक्क्यात नेमके हेच भाग चेपतात.

तर मग घरी काय करता येते? आधी पोचा ओळखावा. उथळ आहे, रंग तडकलेला नाही, काठाशी घडी पडलेली नाही, असा पोचा घरी निघतो. रंग गेला आहे पण पत्रा फाटलेला नाही, असाही निघतो, मात्र दोन दिवसांची फुरसत हवी. पण दार नीट लागत नाही, दार आणि चौकट यांच्यातली फट वर कमी आणि खाली जास्त दिसते, दाराचा उंबरा किंवा खांब दबला आहे, चेसिसला मार आहे, पत्रा फाटून वेल्डिंग लागणार आहे, तर गाडी सरळ कारागिराकडे न्यावी. नव्या गाड्यांच्या खांबांना जास्त मजबुतीचे पोलाद वापरतात. ते तापवले तर त्याचा कस उतरतो. शिवाय १ जुलै २०१९ पासून नव्या कारमध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली आहे. तिचे सेन्सर पुढच्या भागात असतात आणि बाजूच्या एअरबॅगा असतील तर दारात किंवा खांबातही असतात. तिथे ठोकाठोक करू नये.

बंपरचा पोचा सर्वांत सोपा. बहुतेक बंपर प्लॅस्टिकचे असतात, उकळते पाणी सावकाश ओतले की मऊ होतात, आणि आतून हाताने दाबले की आपली जुनी आकृती धरतात. लगेच थंड पाणी टाकावे. हातात जाड मोजे हवेत. हाच इलाज लोखंडी दारावर करणारे पुष्कळ भेटतात. त्यात गरम पाणी वाया जाते, दुसरे काही होत नाही.

लोखंडी पत्र्याचा स्वभाव कापडवाल्याला लवकर समजतो. कापड एका जागी ताणले गेले की इस्त्री करूनही तिथे झोळ राहतो, कारण तिथले कापड लांबीने वाढलेले असते. पत्र्याचेही तसेच. आजच्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा जेमतेम ०.७ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. जुन्या फियाट-ॲम्बॅसेडरचा पत्रा दणकट होता, तो मार सहन करायचा. आताच्या पत्र्याच्या मधोमध जोरात हातोडी घातली की तो पातळ होऊन पसरतो, आणि मग दाबला की तेलाच्या डब्यासारखा टक-टक आत-बाहेर होतो. हा दोष घरी दुरुस्त होत नाही. त्याला गरम करून आखडून घ्यावे लागते आणि ते उस्तादाचे काम आहे.

म्हणून मध्यभागी कधीही सुरुवात करू नये. धक्का बसताना आधी मधला भाग आत जातो आणि शेवटी भोवतालचा काठ उचलला जातो. काढताना क्रम उलटा धरायचा, जे शेवटी झाले ते आधी सोडवायचे. दाराचे आतले कव्हर स्क्रू आणि क्लिपा काढून सोडवावे, काचेची आणि लॉकची तार जपावी. आतून डॉली, म्हणजे हातात मावेल असा गुळगुळीत जाड लोखंडी ठोकळा, खोलगट जागी दाबून धरावा आणि बाहेरून उचललेल्या काठावर हलक्या हातोडीने टपटप मारत यावे. हातोडी आणि ठोकळा समोरासमोर नसावेत. समोरासमोर आले की पत्रा चेचला जाऊन पसरतो. काठ बसत जातो तसतसा मधला भाग आपोआप वर येतो. डॉली नसेल तर बाभळीचा घासून गोल केलेला ठोकळा चालतो. शंभर हलके घाव पुरतील, पण दहा जोराचे नकोत.

पत्रा सपाट झाला की नाही हे डोळ्याला कळत नाही, हाताला कळते. इथे आमच्या धंद्याची एक चीज उपयोगी पडते. तळहाताखाली पातळ मलमलचा तुकडा ठेवावा आणि पूर्ण पंजा पत्र्यावरून लांब फिरवावा. उघडा हात पत्र्याला अडकतो, कापड घेतले की सरकतो आणि बारीक उंचवटाही जाणवतो. चांगले डेंटर हेच करतात. मात्र शेवटच्या मिलिमीटरच्या नादी लागून पत्रा मारत राहू नये, तेवढे लांबी भरून निघते.

लांबी हा आपल्याकडे सर्वांत जास्त गैरवापर होणारा जिन्नस. काही ठिकाणी पोचा न काढताच बोटभर लांबी थापतात आणि वर रंग मारून गाडी चकाचक करून देतात. गिऱ्हाईक खूश होऊन जाते. आमच्या एका गाडीला असेच काम करून मिळाले होते. दुसऱ्या पावसाळ्यात भाकरीएवढा पोपडा अखंड सुटून हातात आला आणि आत पत्रा तांबडा झालेला. लांबीचा थर ३ मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. जुनी गाडी विकत घेतानाही हे तपासता येते. लहान लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून पत्र्यावर फिरवावे. जिथे तो धरत नाही तिथे लांबीचा जाड थर आहे असे समजावे.

भरण्यापूर्वी गाडी गोड्या पाण्याने धुवावी. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते वापरू नये. पत्रा पूर्ण सुकवून ८० नंबरच्या पेपरने गंज आणि सैल रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढावा. काळा ठिपका राहिला तरी गंज राहिला असे धरावे. नंतर थिनरच्या कपड्याने पुसावे आणि उघड्या लोखंडावर शक्य तर इपॉक्सी प्रायमरचा हात द्यावा. रात्रभर पत्रा उघडा ठेवू नये. दमट हवेत सकाळपर्यंत त्यावर तांबूस झाक येते.

लांबी आणि हार्डनर यांचे प्रमाण वजनाने शंभराला दोन. काटा नसेल तर लिंबाएवढ्या लांबीला वाटाण्याएवढे हार्डनर घ्यावे. जास्त घातले तर पुढे रंगातून डाग वर येतो, कमी घातले तर लांबी मऊ राहते. आपल्या उष्ण हवेत कालवल्यावर चार-पाच मिनिटेच हातात असतात, म्हणून थोडी थोडी कालवावी. घासायला पेपर लाकडी पट्टीला गुंडाळावा, बोटांनी दाबून घासले तर चर पडतात. आधी ८०, मग १८०, मग ३२०. हे सारे कोरडे घासावे. पुष्कळ पेंटर लांबीवर पाणी मारून घासतात, धूळ उडत नाही म्हणून. पण लांबी पाणी पिते. ते पाणी रंगाखाली अडकले की फोड येतात. पाण्याचा पेपर प्रायमरनंतर वापरावा, ६०० किंवा ८०० नंबरचा. नाका-तोंडावर चांगला मास्क हवा, साधा रुमाल धुळीला पुरत नाही. हार्डनर घालायचा टू-के क्लिअर कोट तर घरी मारूच नये. त्यात आयसोसायनेट असते आणि त्याच्या फवाऱ्याने दम्याचा विकार जडू शकतो. आपल्या समाजातली कितीतरी पोरे या कामात शागीर्द म्हणून लागतात. त्यांच्या उस्तादांनी चांगल्या मास्कचा खर्च टाळू नये.

प्रायमरनंतर काळ्या स्प्रेचा अगदी पातळ धुरळा मारून पट्टीने हलके घासले की खोल जागी काळे राहते. तिथे थोडी लांबी पुन्हा भरावी. ही पायरी लोक वगळतात आणि मग रंगानंतर उन्हात लाटा दिसतात.

रंगाचा नंबर बोनेटखालच्या किंवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो, तो दाखवून रंग घ्यावा. पण एकाच शेड नंबरची दोन वेगळ्या लॉटची ताकी शेजारी ठेवली की फरक दिसतो, हे आपण दुकानदार जाणतो. गाडीचा जुना रंग तर वर्षानुवर्षे ऊन खाऊन उतरलेला असतो. म्हणून दाराच्या मधोमध रंगाची हद्द आणू नये, कडेपर्यंत किंवा पट्टीपर्यंत न्यावी. पांढरा आणि साधा रंग घरी जमतो. मेटॅलिक मात्र पेंटरकडून मारून घ्यावा. लांबीपर्यंतचे काम आपण करून नेले तरी बिल बरेच खाली येते. लांबी, पेपर, प्रायमर आणि स्प्रेचे डबे मिळून घरचा खर्च दीड-दोन हजारांत बसतो, आणि उरलेला माल पुढच्या पोच्याला उपयोगी पडतो. दार हाताबाहेर चेपले असेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने दार पाहावे, कधी कधी ते दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

हे काम दिवाळीनंतर ते मे महिन्याच्या मध्यापर्यंत करावे. दापोलीकडे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या दिवसांत मारलेल्या रंगावर पांढुरकी साय धरते. पावसातच पोचा पडला तर निदान उघडा पत्रा घासून प्रायमर मारून ठेवावा, बाकी नंतर. दाराच्या आतल्या बाजूलाही, जिथे डॉली घासली तिथे, प्रायमर द्यावा. आणि दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायची बारीक भोके असतात, ती काडीने मोकळी करावीत. वाळू आणि पाचोळा बसून ती बुजली की पाणी आत साचते आणि दार खालून सडत जाते. मासळीच्या गाड्यांत बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या सांध्यांत उतरते, तिथे रोज गोड्या पाण्याची नळी मारावी.

नवा रंग हाताला कोरडा लागला तरी आतून सुकायला दिवस घेतो. आठवडाभर गाडी धुवू नये, पंधरा दिवसांनी हलक्या हाताने रबिंग कंपाउंड लावून जुन्या-नव्या रंगाची कड मिटवावी, आणि मेणाचे पॉलिश महिना उलटल्यावर करावे.