रेती उपसलेल्या जमिनीवरचं मैदान

पवनीच्या माणसाला रेतीघाट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. वैनगंगेची रेती नागपूरच्या इमारतींत जाते, मागे उरतात खड्डे. म्हणून रिओ द जानेरोच्या ऑलिम्पिक गोल्फ मैदानाची हकीकत आपण तरी नीट वाचायला हवी.

मारापेंदी या खाऱ्या पाण्याच्या सरोवराकाठची ही जमीनही रेती उपसून उजाड झालेली. 2012 मध्ये आराखड्यासाठी अमेरिकेच्या गिल हान्सची निवड झाली. काम चालू असताना तो कुटुंबासह रिओतच राहिला. रेताड जमिनीत पाणी साचत नाही, चेंडू घरंगळत लांब जातो. गोल्फला ती मानवतेच. हान्सने गवताच्या पट्ट्यांभोवती दाट, उंच गवत वाढवलंच नाही. तिथं उघडी रेती ठेवली आणि किनाऱ्यावरची मूळ झुडपं वाढू दिली. चेंडू छिद्रात ढकलायच्या हिरवळीवर खारं पाणी सोसणारं पास्पलम गवत लावलं. न्यायालयाच्या सांगण्यावरून झालेल्या पाहणीत प्राणी-पक्ष्यांच्या जाती 118 वरून 263 वर गेल्याचं नोंदलं गेलं.

2016 मध्ये, 112 वर्षांनी, ऑलिम्पिकमध्ये पुन्हा गोल्फ खेळला गेला. ब्रिटनच्या जस्टिन रोझने चौथ्या छिद्रावर पहिल्याच फटक्यात चेंडू आत घातला. ऑलिम्पिकमध्ये असं प्रथमच घडलं, आणि पुढे सुवर्णही त्यालाच मिळालं. महिलांत कोरियाची इन्बी पार्क जिंकली. आपली अदिती अशोक तेव्हा अवघी 18 वर्षांची. दुसऱ्या फेरीनंतर ती पहिल्या दहांत होती, अखेर 41वी आली. खेळ चालू असताना डुकराएवढे कॅपिबारा गवतावर निवांत चरत होते. बिळात राहणारी छोटी घुबडं रेतीच्या खड्ड्यांच्या काठावर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे टक लावून बघत.

पण एवढंच सांगून थांबणं लबाडीचं होईल. या मैदानासाठी राखीव नैसर्गिक क्षेत्राचाही एक तुकडा घेतला गेला. मैदानाचा खर्च विकासकाने उचलला आणि बदल्यात शेजारी उंच इमारती बांधायची परवानगी मिळवली. पर्यावरणवाद्यांनी आंदोलनं केली, कोर्टकज्जे झाले. माझ्या मते त्यांची तक्रार रास्तच होती. उजाड जमीन सुधारणं हे पुण्याचं काम, पण त्यासाठी धडधाकट जमिनीचा लचका तोडायची गरज नव्हती.

स्पर्धा संपल्यावर देखभालीच्या पैशांची ओढाताण झाली. तरी मैदान टिकलं, आणि ते कुण्या क्लबच्या सभासदांपुरतं नाही. पैसे भरून कुणालाही तिथं खेळता येतं.