हॅव्ह (इंग्रजी क्रियापद) : वृत्तिदर्शक क्रियापदांनंतरचा उपयोग

हॅव्ह : ‘जवळ असणे, बाळगणे’ असा मूळ अर्थ असलेले इंग्रजीतील एक अतिशय रूढ क्रियापद. मुख्य क्रियापद म्हणून ते स्वामित्व दर्शविते. भूतकालवाचक धातुसाधितापूर्वी आले, की ते साहाय्यक बनते व क्रियेची पूर्णता दर्शविते, उदा., ‘आय हॅव्ह ईटन’ (मी जेवलो आहे). याशिवाय ‘मे’, ‘माइट’, ‘कॅन’, ‘कुड’, ‘विल’, ‘वुड’, ‘शुड’, ‘मस्ट’, ‘ऑट टु’, ‘नीड’ इ. वृत्तिदर्शक क्रियापदांनंतर, म्हणजे शक्यता, तर्क, कर्तव्य किंवा इच्छा सांगणाऱ्या क्रियापदांनंतर, त्याचा एक विशेष उपयोग आढळतो. तेथे त्याचे मुख्य कार्य भूतकाळ दर्शविणे हे असते. एखादी गोष्ट घडून गेली असावी, की ती घडावयास हवी असून घडलीच नाही, हा महत्त्वाचा भेद या रचनेच्या योग्य आकलनावर अवलंबून असतो.

रचना : वृत्तिदर्शक क्रियापदानंतर केवळ मूळ धातुरूप येऊ शकते. त्यामुळे कर्ता कोणत्याही पुरुषाचा वा वचनाचा असला, तरी ‘हॅव्ह’ हेच रूप कायम राहते. ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ ही रूपे तेथे येत नाहीत. ‘शी हॅज लेफ्ट’ (ती गेली आहे), परंतु ‘शी मस्ट हॅव्ह लेफ्ट’ (ती गेली असणार). ‘यू मस्ट हॅव्ह अ तिकिट’ (तुझ्याजवळ तिकीट असलेच पाहिजे) या वाक्यात मात्र ‘हॅव्ह’ हे मुख्य क्रियापद आहे. त्याच्यामागून धातुसाधित आलेले नसल्याने ते ओळखणे कठीण नाही. ‘यू मस्ट हॅव्ह हॅड अ तिकिट’ (तुझ्याजवळ तिकीट असणार) या वाक्यात ही दोन्ही कार्ये लागोपाठ दिसतात : पहिले ‘हॅव्ह’ काळ दाखविते, तर ‘हॅड’ स्वामित्व.

भूतकालदर्शक कार्य : सामान्यतः इंग्रजीत ‘येस्टरडे’ (काल) यासारखे निश्चित भूतकाळ सांगणारे क्रियाविशेषण ‘हॅज लेफ्ट’ या पूर्ण वर्तमानकाळाबरोबर चालत नाही, तेथे ‘शी लेफ्ट येस्टरडे’ असेच म्हणावे लागते. परंतु ‘शी मस्ट हॅव्ह लेफ्ट येस्टरडे’ (ती काल गेली असणार) हे वाक्य निर्दोष ठरते. साधा भूतकाळ, पूर्ण वर्तमानकाळ आणि पूर्ण भूतकाळ हे तिन्ही काळ वृत्तिदर्शक क्रियापदानंतर एकाच ‘हॅव्ह’मध्ये सामावले जातात, असा याचा अर्थ होतो. मूळ धातुरूपाला काळाचा प्रत्यय लागू शकत नाही. म्हणून भूतकाळाची खूण करण्यास ‘हॅव्ह’ हे एकच साधन तेथे उरते.

इतिहास : हे क्रियापद प्राचीन इंग्रजीतील ‘हॅबन’ या धातूपासून आले आहे. लॅटिनमधील ‘हाबेरे’ या समानार्थी धातूशी त्याचे दिसणारे साम्य योगायोगाचे असून, त्याचा खरा सगोत्र धातू लॅटिनमधील ‘कापेरे’ (पकडणे) हा होय. ‘कुड’, ‘माइट’, ‘वुड’ व ‘शुड’ ही मुळात अनुक्रमे ‘कॅन’, ‘मे’, ‘विल’ व ‘शॅल’ यांची भूतकालीन रूपे होत. ‘मस्ट’ हेदेखील आता लुप्त झालेल्या एका क्रियापदाचे भूतकालीन रूप आहे. कालांतराने ही रूपे सौम्य विनंती, दुबळी शक्यता किंवा अवास्तव कल्पना व्यक्त करण्यासाठी वर्तमान व भविष्य यांबाबतही वापरली जाऊ लागली आणि त्यांची भूतकाळ दर्शविण्याची शक्ती क्षीण झाली. ही उणीव ‘हॅव्ह’ने भरून काढली. मध्य इंग्रजीत येणे-जाणे अशा गतिवाचक क्रियापदांबरोबर पूर्णता दर्शविण्यासाठी ‘बी’ हे साहाय्यक रूढ होते. तथापि भूतकाळातील अवास्तव कल्पना सांगताना त्यांच्याबरोबरही ‘हॅव्ह’ लवकर योजले जाऊ लागले.

अर्थभेद : या रचनेचे अर्थ दोन वर्गांत पडतात. पहिला वर्ग तर्काचा. वक्ता आज उपलब्ध असलेल्या पुराव्यावरून गत घटनेविषयी अनुमान करतो. ‘मस्ट हॅव्ह’ने जवळजवळ खात्री, ‘मे हॅव्ह’ व ‘माइट हॅव्ह’ यांनी शक्यता, तर ‘कान्ट हॅव्ह’ने अशक्यता सूचित होते. दुसरा वर्ग अवास्तवाचा. ‘शुड हॅव्ह’ने न पाळलेले कर्तव्य, ‘कुड हॅव्ह’ने वाया गेलेली संधी किंवा टळलेले संकट, ‘वुड हॅव्ह’ने अट पूर्ण न झाल्यामुळे न घडलेली घटना आणि ‘नीडन्ट हॅव्ह’ने गरज नसताना केलेली कृती व्यक्त होते. एफ. आर. पामर या ब्रिटिश भाषावैज्ञानिकांनी मोडॅलिटी अँड द इंग्लिश मोडल्स (१९७९) या ग्रंथात इंग्रजी वृत्तिदर्शक क्रियापदांचे ज्ञानविषयक व कर्तव्यविषयक हे अर्थ वेगळे करून दाखविले आहेत. येथील अनुमान आणि न पाळलेले कर्तव्य यांतील भेद त्याच स्वरूपाचा आहे.

हे दोन वर्ग अर्थाने भिन्न असले, तरी रूपाने एक आहेत, ही इंग्रजीची खरी अडचण होय. जर्मन भाषेत वृत्तिदर्शक क्रियापदांना स्वतःची धातुसाधिते आहेत. त्यामुळे अनुमान सांगताना पूर्णतेची खूण मुख्य क्रियापदाला जोडता येते, तर न पाळलेले कर्तव्य सांगताना ती वृत्तिदर्शक क्रियापदाला जोडता येते. इंग्रजी वृत्तिदर्शक क्रियापदांना धातुसाधिते नसल्याने ‘हॅव्ह’ला बसण्यास एकच जागा मिळते. परिणामी ‘ही कुड हॅव्ह डाइड’ या वाक्याचे, संदर्भानुसार, ‘तो कदाचित मरण पावला असेल’ आणि ‘तो मरता मरता वाचला’ असे परस्परविरोधी अर्थ संभवतात.

इतर क्रियापदांनंतर : ‘सीम’ (वाटणे, दिसणे), ‘क्लेम’ (दावा करणे) अशा क्रियापदांनंतर ‘टु हॅव्ह’ ही रचना येते आणि मुख्य क्रियापदाच्या काळाहून आधीची घटना दर्शविते, उदा., ‘ही सीम्स टु हॅव्ह लॉस्ट द की’ (त्याने किल्ली हरवलेली दिसते). ‘डिनाय’ (नाकारणे) यासारख्या क्रियापदांनंतर ‘हॅविंग’ येते. परंतु नाकारलेली कृती आधीची असल्याचे क्रियापदाच्या अर्थावरूनच सहसा कळत असल्याने ते गाळले तरी चालते.

उच्चार व लेखन : वृत्तिदर्शक क्रियापदानंतर ‘हॅव्ह’वर आघात नसतो. बोलण्यात त्यातील हकार लोपून ‘अव्ह’ एवढाच उच्चार राहतो आणि तो ‘ऑव्ह’ (-चा, -ची, -चे) या शब्दयोगी अव्ययाच्या आघातहीन उच्चाराशी एकरूप होतो. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या लेखनातही ‘शुड हॅव्ह’ऐवजी ‘शुड ऑव्ह’ आढळते, ते यामुळेच. प्रमाण लेखनात हा दोष मानला जातो.

मराठीशी तुलना : मराठीत हे दोन्ही अर्थ रूपानेच वेगळे होतात. अनुमानासाठी ‘गेला असेल’, ‘गेला असावा’, ‘गेला असणार’ ही रूपे आहेत. अवास्तवासाठी ‘गेला असता’ हे संकेतार्थाचे रूप, तसेच ‘जावयास हवे होते’ ही रचना आहे. म्हणून भाषांतरकाराला इंग्रजी वाक्य वाचताना प्रथम घटना घडली की नाही, हे संदर्भावरून ठरवावे लागते. ‘द ड्रायव्हर शुड हॅव्ह स्टॉप्ड’ याचे योग्य भाषांतर ‘चालकाने थांबावयास हवे होते’ असे होते; तो थांबला नाही, हे त्यात गृहीत आहे. ‘चालक थांबला असावा’ असे भाषांतर केल्यास दोषारोपाचे रूपांतर निर्दोषत्वाच्या अनुमानात होते. उलट, ‘दे शुड हॅव्ह अराइव्ड बाय नाऊ’ या वाक्यात ‘एव्हाना ते पोहोचले असावेत’ हा तर्कही असू शकतो. ‘ही मस्ट हॅव्ह गॉन’ याचा अर्थ ‘त्याला जावे लागले’ असा कधीच होत नाही. त्यासाठी ‘हॅड टु गो’ अशी रचना लागते. ‘शी नीडन्ट हॅव्ह कम’ या वाक्यानुसार ती आली होती व येणे अनावश्यक होते. ‘शी डिडन्ट नीड टु कम’ या वाक्यावरून मात्र ती आली की नाही, हे कळत नाही. मराठीतील ‘तिने येण्याची गरज नव्हती’ हे वाक्य या दोहोंसाठी चालते, त्यामुळे येथे संदिग्धतेची बाजू उलट होते. साक्षीपुरावे, अपघातांचे अहवाल व वैद्यकीय नोंदी यांच्या भाषांतरात ‘हॅव्ह’ या लहानशा शब्दाकडे झालेले दुर्लक्ष म्हणूनच केवळ व्याकरणाची चूक राहत नाही. त्याने घटनेची हकीकतच बदलू शकते.